ठरलं नावाचा क्लास

अमरसिंहचं कार्ड साइटवर चढलं त्याच दिवशी क्रांतीच्या पोटात दुखायला लागलं. खरं तर दुखायचं काही कारण नव्हतं. कार्ड तिनंच बनवलं होतं. फोटो तिनंच कापूनकुपून बसवला होता, आणि 'नवीन स्थळ' म्हणून भोवती सोनेरी काठही तिनंच ओढला होता. आपल्याच हातानं नवरदेव नटवायचा आणि लोक बघायला लागले की जळून खाक व्हायचं, याला काय म्हणायचं? पण पोरगी तसलीच. कॉलेजात असताना अमरसिंहनं शेजारच्या बाकावरच्या पोरीला पेन दिलं, तर ही दिवसभर डबा न उघडता बसली होती.

क्रांती कामाला होती आक्कांच्या वधूवर मंडळात. राजारामपुरीत शिलाई मशीनच्या दुकानाशेजारून जिना चढून गेलं की मंडळ. पाटीवर नाव लांबलचक आहे, पण अख्खा जिल्हा त्याला आक्कांचं मंडळच म्हणतो. आक्का साठीच्या पुढच्या. आवाज असा, की वर कुणाची सोयरीक चाललीय हे खालच्या दुकानदाराला न विचारता कळावं. फोन कानाला लावायची त्यांना सवयच नाही. स्पीकरवर टाकायचा, टेबलावर ठेवायचा आणि शेंगा सोलत बोलायचं. साइट मात्र त्यांनी कधी उघडून बघितली नाही. "ते डबडं तुझ्याकडं, माणसं माझ्याकडं," असं त्यांनी क्रांतीला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

तर साइट क्रांतीची. थीम विकत घेतलेली होती, पण तिचा कोड हिनं इतका उसवून शिवला होता की मूळ बनवणाऱ्यालाही ओळखू आला नसता. पानावर प्रत्येक मुलाचं, मुलीचं एकेक कार्ड. कोडमध्ये त्या कार्डाला एखादा शब्द चिकटवायचा, त्याला म्हणायचं क्लास. आणि दुसऱ्या फायलीत लिहून ठेवायचं, की हा शब्द ज्याच्या अंगावर असेल त्यानं असं असं दिसावं. 'नवीन' लावला की सोनेरी काठ. 'मंगळ' लावला की कोपऱ्यात लाल ठिपका. बेंदराला बैलाची शिंगं रंगवतात तसलाच प्रकार. बैल तोच, रंगानं लांबून ओळखू येतो.

आणि एक क्लास होता 'ठरलं'. लग्न ठरलं की घरचे लोक फोन करायचे, "आमच्या पोरीचं कार्ड काढा बाई, आता बरं दिसत न्हाय." पण आक्कांचा नियम होता, कार्ड पुसायचं नाही. सुपारी फुटलेली लग्नंसुद्धा मोडतात, मग परत सगळं लिहीत बसायचं कुणी? म्हणून क्रांतीनं ही युक्ती काढली होती. कार्डाला 'ठरलं' क्लास लावायचा. कार्ड कोडमध्ये जागच्या जागी राहायचं, पण यादीत कुणाला दिसायचं नाही. ज्याचं त्यानं लॉगिन केलं, तर त्याला त्याचं पान जसंच्या तसं दिसायचं. मोडलंच तर क्लास काढला, की माणूस परत बाजारात.

तुळशीचं लग्न झालं आणि त्या आठवड्यात अमरसिंह आईला घेऊन जिना चढून आला. शिरोळकडचा गडी. जयसिंगपूरच्या कॉलेजात हा नि क्रांती एकाच वर्गात. पदवी झाल्यावर सगळी पोरं पुण्याला पळाली आणि हा एकटा गावात राहिला. ऊस होता, पण याचा जीव म्हशींवर. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून मोटरसायकलीमागं पळवतात, त्याला हा आपली लक्ष्मी टेम्पोत घालून आणायचा. क्रांती दरवर्षी गर्दीत उभी राहून बघायची. हा गाडीवरून नुसती हाळी द्यायचा आणि ती काळीभोर म्हैस, शिंगाला मोरपिसं लावलेली, सगळा रस्ता सोडून याच्या मागनं धावायची. खोटं कशाला सांगू, क्रांतीला त्या म्हशीचासुद्धा हेवा वाटायचा.

"क्रांते, तू हितं व्हय!" अमरसिंह म्हणाला. तोंडभर हसला. ती इथं आहे हे त्याला ठाऊक होतं का नव्हतं, ते त्या हसण्यावरून कळेना.

"हितंच असते मी. बस की."

धोंडुबाई, म्हणजे त्याची आई, खुर्चीच्या टोकावर बसली आणि थेट मुद्द्यावर आली. "लेकी, झ्याक दिसंल असं लाव बघ आमच्या पोराचं. हल्ली शेतकरी म्हटलं की पोरी नाकं मुरडत्यात."

"मुरडू द्यात की," अमरसिंह म्हणाला, "मुरडणारी नकोच हाय मला." आणि त्यानं लक्ष्मीसोबतचा पाडव्याचा फोटो पुढं केला. आक्का म्हणाल्या, म्हैस काप. क्रांतीनं कापली नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. क्रांतीचंही कार्ड होतं त्याच साइटवर. तिचे वडील जयसिंगपूरला मास्तर. त्यांनी मजकूर लिहून पाठवला होता, आणि शेवटी ओळ होती: 'अपेक्षा: नोकरदार. शेतकरी नको.' क्रांतीनं ती मुकाट्यानं चढवली होती. वडिलांशी कोण डोकं लावणार? बघू पुढं, म्हणाली. वेळ येईल तेव्हा बदलू. तिच्या मनात असं होतं, की आधी अमरसिंहनं बोलावं, मग आपण वडिलांशी बोलू. आणि अमरसिंह काही बोलेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का बाहेर गेल्या होत्या, तेव्हा फोन आला.

"नमस्कार, मी अंतरा बोलतेय, कळंब्याहून. साइटवर एक स्थळ बघितलं. म्हशीबरोबर फोटो आहे ना, ते."

क्रांती म्हणाली, "हां. त्यांचं काय?"

"बाबांनी फोन करायचा असतो, मला माहितीये," अंतरा हसून म्हणाली. "पण मला राहवेना. माझा पनीर-तुपाचा छोटासा धंदा आहे. शहरातच वाढले मी, पण मला असाच माणूस हवा होता. म्हशीकडे किती मायेनं बघतोय तो फोटोत! त्यांना आमच्या घरचा नंबर द्याल का?"

असाच माणूस हवा होता! क्रांतीच्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून पाडवे बघितले, आणि ही काल फोटो बघून आज माया मोजायला लागली? आणि बोलते तरी कशी बिनदिक्कत, जसं काही बाजारातनं वांगी मागतेय. नोकरदार पाहिजे म्हणाली असती तर क्रांतीनं तिला माफ केलं असतं. हिला शेतकरीच पाहिजे होता, हे मात्र सहन होईना.

"त्यांचं ठरलंय," क्रांती म्हणाली.

"अय्या! एवढ्यात? कालच तर आलंय ना साइटवर?"

"कालच ठरलं. कार्ड काढायचं राहिलंय."

तिनं फोन ठेवला. बोलून गेलेलं आता खरं दिसायला तर पाहिजे. नेहमीच्या रीतीनं 'ठरलं' लावायचं तर ते आक्कांच्या वहीतही लिहावं लागणार, आणि आक्का विचारणार. म्हणून तिनं थीमच्या फायलीत घुसून आपल्या हातानं एक ओळ घातली: या नंबरचं कार्ड आलं, की त्याला 'ठरलं' क्लास लाव. फाइल सेव्ह केली, यादी उघडली. अमरसिंह नव्हता. त्याच्या जागी गडहिंग्लजचा कोणी बँकेतला चष्मेवाला सरकून आला होता.

वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. उलट त्या संध्याकाळी बाईसाहेब बसमध्ये खिडकीशी बसून गालात हसत होत्या. अख्ख्या जिल्ह्यातल्या पोरींसाठी अमरसिंहचं ठरलं होतं. कुणाशी, ते तेवढं कोडमध्ये लिहिलेलं नव्हतं.

थोडे दिवस, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. तो बोलेल, मग मी क्लास काढीन. पण जळणाऱ्या माणसाचं समाधान कधी होतं का? क्रांतीची खोली कळंब्यालाच होती. तिनं अंतराचं दुकान शोधून काढलं. तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, स्वच्छ पांढरं, दारात कुंडी. लस्सी घ्यायच्या निमित्तानं आत गेली आणि एकेक खोट शोधायला बसली. रंग? क्रांतीपेक्षा उजळ. आवाज? गोड. लस्सी तरी पांचट असेल म्हणून घोट घेतला, तर तीही फक्कड. मेली कुठं चुकतच नव्हती. क्रांती ग्लास अर्धा टाकून उठली, आणि क्लास काढायचा विचार त्या दिवसापुरता तिथंच राहिला. तसे दिवस मग बरेच गेले.

मधूनमधून धोंडुबाईचा फोन यायचा. आक्का शेंगा सोलता सोलता उत्तर द्यायच्या.

"आक्का, येकबी फोन न्हाय वो. पोरात काय खोट हाय का माझ्या?"

"खोट कसली? शेतकरी हाय, ही एवढी खोट. काय करायचं, काळच तसला आलाय."

क्रांती समोरच बसलेली असायची, स्क्रीनकडं बघत. कान तापायचे. एकदा तिनं ती फाइल उघडलीसुद्धा. त्या ओळीवर कर्सर नेऊन ठेवला. तेवढ्यात आक्का कुणाला तरी सांगायला लागल्या, की कळंब्याची ती पनीरवाली पोरगी अजून चांगलं स्थळ शोधतीय. झालं. क्रांतीनं फाइल बंद केली. अंतराचं कुठंतरी एकदा जुळू दे, मग काढू. म्हणजे अमरसिंहचं लग्न आता अंतराच्या लग्नावर अडलं होतं, आणि त्या दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

उन्हाळा लागला. एक दिवस अमरसिंह एकटाच जिना चढून आला. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. क्रांतीला तो ओळखीचा वाटेना.

"क्रांते, माझं कार्ड बदलायचं हाय. व्यवसाय शेती काढ. नोकरी लिही, पुणे. चाकणला कंपनीत लागलो."

"काय बोलतोस? आणि म्हशी?"

"दिल्या. सोमवारी गेल्या."

"लक्ष्मी पण?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "ती चढंनाच टेम्पोत. मला पुढं बसून हाळी द्यावी लागली, तवा चढली." मग म्हणाला, "आई जेवंना गं. म्हणती, तुझ्या शेणाच्या वासापायी कुणी फोन करीना. इतके महिने झालं, येक फोन न्हाय. माणसानं समजायचं ते समजून घ्यायचं की."

क्रांतीची खुर्ची मागं सरकली. "अरे पण असं कुठं असतंय! थांबायचं होतंस. शेतकरी चालणाऱ्या पोरी असत्यात."

"व्हय?" अमरसिंह आता सरळ तिच्याकडं बघून बोलला. आवाज चढला नव्हता, त्यानंच तिला जास्त लागलं. "कुठं असत्यात? तुझ्या कार्डावर पण तेच लिवलंय की. शेतकरी नको. पहिल्या दिवशी घरी जाऊन सगळ्यात आधी तेच कार्ड बघितलतं मी."

आक्कांच्या हातातली शेंग टचकन फुटली. क्रांतीला सांगायचं होतं, ते मी लिहिलेलं नाही, बाबांनी लिहिलंय. पण चढवलं कुणी होतं? 

"लिही गं पटपट," आक्का म्हणाल्या. "पोरगं मार्गाला लागलंय, तोंड काय पाडतीस?"

क्रांतीनं लिहिलं. नोकरी, पुणे. त्यानं नवा फोटो दिला होता, निळ्या पडद्यासमोरचा. म्हशीचा काढून तो बसवला. तो गेल्यावर तिनं थीमची फाइल उघडली आणि ती ओळ खोडली. निदान आता तरी त्याचं भलं होऊ दे, असं तिला वाटलं. 'नवीन' क्लास परत लावला. सोनेरी काठ आला, आणि अमरसिंह यादीत सगळ्यात वर जाऊन बसला.

फोन तासाभरात सुरू झाले. सांगली, इचलकरंजी, निपाणी. त्या आठवड्यात आक्कांना शेंगा सोलायला सवड मिळेना.

"बघितलंस?" त्या टेबलावर थाप मारून म्हणाल्या. "शेती काढली आणि रांग लागली! मी म्हणत नव्हते?"

म्हणत होत्या. आता धोंडुबाई तेच म्हणणार होती, शिरोळभर तेच सांगत फिरणार होती, आणि शेतात राहिलेल्या प्रत्येक पोराला अमरसिंहचा दाखला मिळणार होता. क्रांतीला सगळं कळत होतं. शेतीनं काही केलं नव्हतं, म्हशींनी काही केलं नव्हतं. पण हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तेवढी छाती तिच्यात नव्हती.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी अमरसिंह पेढे घेऊन आला. निपाणीचं स्थळ जवळपास पक्कं होत आलं होतं. आक्कांनी पेढा तोंडात टाकला, आणि तेवढ्यात फोन वाजला. सवयीनं स्पीकरवर टाकून त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"नमस्कार, मी अंतरा, कळंब्याहून."

क्रांतीनं झडप घालून फोन उचलला. "आक्का, मी बोलते बाहेर जाऊन."

"ठेव तिथं!" आक्का पेढा चावत म्हणाल्या. "दुसऱ्याचा फोन असा हिसकावतात व्हय? बोल गं बाय."

फोन परत टेबलावर आला.

"अहो, त्या अमरसिंहांचं मोडलं का? परत दिसतायत साइटवर."

"काय मोडलं?"

"त्यांचं लग्न. दिवाळीनंतर मी फोन केला होता ना, तर तुमच्याकडच्या मॅडम म्हणाल्या, कालच ठरलं. त्यानंतर ते यादीत कधी दिसलेच नाहीत. मी बघायचे मधूनमधून, वेड्यासारखी." अंतरा जराशी हसली. "पण आता नोकरी लिहिलंय. म्हशींचा फोटो पण नाही. ते दुसरे कुणी आहेत का? मला ते म्हशीवाले हवे होते."

आक्का चावायच्या थांबल्या. "मागनं फोन करते बाय," म्हणून त्यांनी फोन बंद केला. 

अमरसिंह क्रांतीकडं बघत होता. रागानं नाही. हिशोब लागत नसल्यासारखा.

"कुणी सांगितलं तिला, ठरलंय म्हणून?"

"मी."

"आणि यादीत दिसत नव्हतो, ते?"

"ते पण मीच. 'ठरलं' क्लास लावलता तुझ्या कार्डाला. काढला तो तू नोकरी लिवून गेलास त्या दिवशी."

"अगं सटवे!" आक्का ओरडल्या. अमरसिंहनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"का क्रांते? मी काय वाकडं केलतं तुझं?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. "मला बघवंना," क्रांती म्हणाली. "तुला कुणी बघितलेलं मला बघवंना. तू माझा हायस, असं मी आपलं मनात धरून बसलेले. तिनं मागितलास, मला सोसलं न्हाय." ती रडत होती, पण डोळे पुसत नव्हती.

 अमरसिंहनं पेढ्यांचा बॉक्स टेबलावर नीट सरळ करून ठेवला, जसा काही तो वाकडा ठेवला गेला होता.

"एवढं व्हतं तर एकदा म्हणायचं की गं," तो म्हणाला. "मी हितं आलतो कशापायी? मंडळं काय कमी हायत कोल्हापुरात?"

क्रांतीनं मान वर केली. क्षणभर तिला वाटलं, अजून काही राहिलंय. ती उठून टेबलाला वळसा घालून पुढं आली. तो जिन्याकडं सरकला. पहिल्या पायरीवर थांबला, भिंतीला हात टेकून.

"टेम्पोत चढत नव्हती ती," तो म्हणाला. त्याचा आवाज आता फाटला. "माझी हाळी ऐकून चढली. माझ्या म्हशी गेल्या की गं, क्रांते."